जुन्या मोटारीचें अडखळणें

निरोगी मोटारीचें इंजिन चालूं असतां त्याचा आवाज इतका एकसंध असतो कीं आंत बसलेल्या माणसाचें त्याकडे लक्षही जात नाहीं. तेंच इंजिन बिघडलें कीं त्या आवाजांत मधून मधून खंड पडूं लागतो. उभी गाडी बारीक हिसके देते, सायलेन्सरच्या तोंडाशीं 'फट् फट्' असा पोकळ आवाज येतो, चढावर जोर राहत नाहीं, आणि पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षां अधिक लागतें. गॅरेजच्या बोलींत याला 'मिसिंग' म्हणतात. शब्द परका असला तरी तो आतां आपल्याकडे घरचा झाला आहे, आणि दुसरा शब्द सुचवून कोणत्याही फिटरला समजावयाचा नाहीं.

चार सिलिंडरचें इंजिन म्हणजे चार भोयांनीं खांद्यावर घेतलेली पालखी. चौघांचीं पावलें ठरलेल्या क्रमानें पडलीं म्हणजे आंतल्या माणसाच्या पोटांतलें पाणीही हालत नाहीं. एकाचें पाऊल चुकलें तर उरलेले तिघे पालखी पुढें नेतातच. पण ती हिंदकळते, आणि चौथ्याचें ओझें तिघांवर पडतें. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत संथपणें चालूं असतें तेव्हां प्रत्येक सिलिंडरमध्यें मिनिटाला 400 वेळां स्फोट होतो, कारण दोन फेऱ्यांत एक स्फोट हा त्याचा नियम आहे. चौघांचे मिळून हे 1600 स्फोट. फेरे 3000 झाले कीं सेकंदाला 100 ठिणग्या पडाव्या लागतात. यांपैकीं दर चौथी ठिणगी वांया गेली तर इंजिन बंद पडत नाहीं, पण तें तीन पायांवर चालूं लागतें. आणि येथेंच मालकाची फसगत होते. गाडी चालते आहे ना, मग दुरुस्तीची घाई कशाला, असें त्याला वाटतें.

घाई असावी. ज्या सिलिंडरमध्यें पेट्रोल जळत नाहीं, तेथें तें भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन टाकतें, रिंगांच्या बाजूनें खालीं झिरपतें आणि तळच्या टाकींतील तेल पातळ करतें. पातळ तेलानें बेअरिंगें झिजतात. म्हणजे दोनचारशे रुपयांच्या तारेंतील दोष महिनोन् महिने तसाच ठेवला तर तो इंजिनाच्या पोटांत उतरतो. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत 1995 सालापासून विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या नळींत धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हें उपकरण बसूं लागलें. ज्या गाडींत तें आहे, तिच्यांत न जळलेलें पेट्रोल त्या उपकरणांत जाऊन जळतें आणि अतिउष्णतेनें त्याचा नाश करतें.

नव्या गाड्यांत हा रोग ओळखण्याचें काम संगणक करतो. क्रँकशाफ्टच्या वेगांत पडणारा सूक्ष्म फरक टिपून कोणता सिलिंडर चुकला हें तो सांगतो. पण कार्बोरेटर आणि पॉइंट यांवर चालणाऱ्या गाड्यांना हें सुख नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें 1964 पासून इटलीच्या फियाट कंपनीचें जें मॉडेल बनविलें आणि जें पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर पोहोंचलें, त्याचें 1089 घनसेंटिमीटरचें इंजिन याच जातीचें. बंगालमधील उत्तरपाडा येथें निघणारी अँबॅसेडरही पुष्कळ वर्षें याच जातीची होती. पद्मिनीचें उत्पादन 2000 सालच्या सुमारास थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्यें निवृत्त झाली. पण वडिलांनीं घेतलेली म्हणून, लग्नाची वरात जिच्यांतून निघाली म्हणून, अशा कितीतरी पद्मिनी अजून घरांघरांतून आहेत. त्यांचें दुखणें कानानें व हातानें ओळखणारे मेस्त्री मात्र कमी होत चालले आहेत. ज्याला निदान येत नाहीं, तो सगळे भाग बदलतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे 'इंजिन खोलावें लागेल' असें सांगतो. हें वाक्य ऐकून पुष्कळ चांगल्या गाड्या भंगारांत गेल्या आहेत. म्हणून निदानाची रीत स्वतः मालकाला ठाऊक असणें इष्ट, मग हात काळे करणारा दुसरा कोणी असला तरी हरकत नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनाला स्फोटासाठीं तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणाचें मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणीं पडलेली दमदार ठिणगी. मिसिंग कसेंही असो, त्याचें मूळ या तिहींपैकीं एकांत असतें. अनुभवी फिटर बहुधा ठिणगीपासून आरंभ करतात. त्याचें कारण साधें आहे: ठिणगीचे भाग स्वस्त असतात, ते लवकर झिजतात आणि ते वरच्यावर पाहतां येतात. दाब पाहण्याचें काम त्याहून थोडें अधिक कष्टाचें, आणि कार्बोरेटर खोलण्याचें काम तर शेवटीं ठेवण्याजोगें. पण पुष्कळ ठिकाणीं क्रम नेमका उलटा होतो. गाडी अडखळली कीं पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर पडतो, आणि जो एकटाच भाग निर्दोष होता तोही बिघडतो.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: मिसिंग केव्हां होतें? वैद्य ताप सकाळीं येतो कीं संध्याकाळीं हें विचारतो, तसाच हा प्रश्न आहे. उभ्या गाडींत अडखळणारें इंजिन वेग घेतांच सुरळीत होत असेल तर कोठून तरी फाजील हवा आंत शिरत असावी. कार्बोरेटरच्या बुडाचें गॅस्केट किंवा एखादी फाटकी रबरी नळी यांचा संशय धरावा. रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें संशयाच्या जागेभोंवतीं फिरविलें तर हवेचा 'स्स्' असा आवाज स्पष्ट ऐकूं येतो. कांहीं लोक अशा जागीं पेट्रोल शिंपडून पाहतात. तापलेल्या इंजिनावर हा प्रयोग म्हणजे आग लावण्याचाच प्रकार आहे. तो कोणीही करूं नये.

गाडी थंड असतां नीट, पण अर्ध्या तासानें अडखळते, आणि थोडी विश्रांति दिली कीं पुन्हां नीट चालते, अशी तक्रार असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असण्याचा संभव असतो. पण त्याआधीं एक फुकटचा उपाय करावा. मिसिंग चालूं असतांनाच गाडी बाजूला घेऊन पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडावें. हवा जोरानें आंत गेल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच सुधारली, तर झांकणाचें श्वासछिद्र बुजलें आहे असें समजावें. जसजसें पेट्रोल खालीं जातें तसतशी टाकींत पोकळी होते, आणि पंपाला ओढ बसते. एवढ्याशा छिद्रासाठीं पंप बदललेल्या गाड्या पुष्कळ निघतील.

यानंतरचा प्रश्न: चौघांपैकीं चुकणारा कोण? इंजिन संथ चालूं ठेवून एकेका प्लगची तार क्रमाक्रमानें काढून पाहणें ही जुनी आणि खात्रीची रीत. जो सिलिंडर काम करीत आहे, त्याची तार काढतांच इंजिनाचा आवाज पडतो. जो मुळांतच काम करीत नाहीं, त्याची तार काढली तरी कांहीं फरक पडत नाहीं, तोच गुन्हेगार. मात्र या तारेंत दहावीस हजार व्होल्टांचा दाब असतो. उघड्या हातानें ती धरणाऱ्यास असा हिसका बसतो कीं हात झटक्यानें मागें जाऊन पंख्याला लागावा. म्हणून प्रत्येक वेळीं इंजिन बंद करून तार काढावी, ती सैल टोपणानें इंजिनाच्या लोखंडाशीं जोडून ठेवावी, आणि मग इंजिन चालूं करून ऐकावें. वेळ लागेल, पण अंगाला व कॉइलला इजा होणार नाहीं. ज्याच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे, अशा माणसानें उघड्या बॉनेटजवळ उभेंसुद्धां राहूं नये. पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविलेल्या गाडींत तारा मोकळ्या सोडून हा प्रयोग केला तर तें यंत्रच जळूं शकतें. आणि इंजिन चालवावयाचें तें मोकळ्या हवेंत. बंद गॅरेजमध्यें त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वास न देतां जीव घेतो.

चुकणारा सिलिंडर सांपडला म्हणजे त्याचा प्लग काढावा आणि उजेडांत पाहावा. प्लग हा सिलिंडरच्या जिभेसारखा आहे. आंतलें बरेंच दुखणें त्याच्या रंगावर दिसतें. फिकट तपकिरी अथवा राखी रंग निरोगीपणाचा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणांत पेट्रोल फाजील आहे किंवा चोक अडकून राहिला आहे. ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोंचत आहे पण ठिणगी पडत नाहीं. काळा, चिकट, तेलकट असेल तर तेल वर चढत आहे, आणि ही खूण त्रासाची. पांढरा फटक, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण फार विरळ झालें आहे. त्याच वेळीं टोंकांमधील फट मोजून घ्यावी. जुन्या गाड्यांना ती बहुधा 0.6 मिलिमीटरच्या आसपास असते. पण आपल्या गाडीच्या पुस्तकांत छापलेलें माप हेंच अखेरचें.

आतां निदानाचें खरें मर्म. संशयित भाग बदलून नवा बसविण्याऐवजीं त्याची शेजाऱ्याशीं अदलाबदल करावी. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पहिल्यांत आणि पहिल्याचा तिसऱ्यांत बसविला आणि मिसिंग पहिल्यांत गेलें, तर प्लग दोषी. मिसिंग तिसऱ्यांतच राहिलें, तर प्लग सुटला; मग तारेची अशीच अदलाबदल करावी. या रीतीला पैसा पडत नाहीं आणि चूकही क्वचितच होते, तरी ती गॅरेजमध्यें क्वचितच दिसते. नवा भाग विकण्यांत जो लाभ आहे तो अदलाबदलींत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

एक उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. पुण्यांतील एका घरची पद्मिनी रविवारीं बाहेर निघते. सपाट रस्त्यावर तिला कांहीं होत नाहीं. पण कात्रजचा घाट लागला कीं ती अडखळूं लागते आणि माथा ओलांडतांच पुन्हां शहाणी होते. एका मेस्त्रीनें कार्बोरेटर बदलला, गुण आला नाहीं. दुसऱ्यानें इंजिन खोलण्याचा सल्ला दिला, आणि त्या खर्चाचा आंकडा ऐकून घरांत गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. घरांतल्या म्हाताऱ्यांना तें पसंत नव्हतें, पण त्यांच्याजवळ भावनेखेरीज दुसरा मुद्दा नव्हता.

घाटांत काय होतें तें पाहावें. चढावर पाय पुरता दाबला जातो, सिलिंडर हवा व मिश्रण यांनीं ठासून भरतो, आणि दाबलेल्या वायूचा दाब वाढतो. वायू जितका दाट, तितकी त्यांतून ठिणगी उडविणें कठीण. त्याच फटींतून उडी घेण्यास विजेला अधिक व्होल्ट लागतात. सपाटीवर कमी व्होल्टांत भागतें, म्हणून तारेच्या आवरणाला तडा असला तरी तो लपून राहतो. घाटांत व्होल्ट चढले कीं विजेला प्लगच्या फटीपेक्षां त्या तड्यांतून जवळच्या लोखंडावर उतरणें सोपें वाटतें, आणि ठिणगी भलत्याच ठिकाणीं पडते. तेव्हां 'भार पडला कीं मिसिंग' या लक्षणानें प्लग, तारा, टोपी व कॉइल यांकडे बोट दाखविलें जातें. इंजिन खोलण्याचें नांव येथें काढण्याचें कारण नाहीं. अशा गाडीची परीक्षा अंगणांत होत नाहीं. ती घाटांतच, चढ संपतांच सुरक्षित जागीं इंजिन बंद करून, निवल्यावर प्लग काढून करावी. या गाडीचा तिसरा प्लग ओला निघाला. पहिल्याशीं अदलाबदल केली. दोष तिसऱ्यांतच राहिला. मग तिसरी व चौथी यांच्या तारा आपसांत बदलल्या, आणि पुढच्या चढाला चौथा सिलिंडर अडखळला. दोष तारेंत होता. गाडी घरींच राहिली.

तारा बदलतांना क्रम मात्र चुकूं देऊं नये. पद्मिनी आणि अँबॅसेडर या दोहोंचा स्फोटक्रम 1, 3, 4, 2 असा आहे, आणि रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. दोन तारांचीं टोंकें डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर आपसांत बदललीं तर दोन सिलिंडर एकदमच मुकतात, आणि कार्बोरेटरमधून व सायलेन्सरमधून फटाके ऐकूं येतात. सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी आणल्या दिवशींच अडखळूं लागली, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

हा ठिणगीचा संसार कसा चालतो तें थोडक्यांत असें. बॅटरीचे बारा व्होल्ट प्लगच्या फटीला पुरत नाहींत. म्हणून कॉइलमध्यें जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे हजारों वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर घेतलेले असतात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट मिटलेले असतां जाड तारेंतून प्रवाह वाहतो आणि गाभ्याभोंवतीं चुंबकत्व सांठतें. पॉइंट उघडतांच तें एकाएकीं कोसळतें, आणि मायकेल फॅरडेनें 1831 मध्यें शोधून काढलेल्या नियमानुसार बारीक तारेंत हजारों व्होल्ट उत्पन्न होतात. रोटर ते ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणें चौघांना वाटतो. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें 1910 च्या सुमारास ही योजना कॅडिलॅक गाडींत व्यवहारांत आणली, आणि पुढें साठसत्तर वर्षें जगानें तिच्यावर गाड्या चालविल्या. पॉइंटांजवळ असलेला अंगठ्याएवढा कंडेन्सर हा त्यांतील सर्वांत दुर्लक्षित भाग. पॉइंट उघडतांना त्यांच्यांतच ठिणगी पडूं नये आणि चुंबकत्व झटकन कोसळावें, हें त्याचें काम. तो बिघडला कीं पॉइंट निळसर जळतात, त्यांवर खड्डे व उंचवटे होतात, आणि प्लगची ठिणगी पिवळी, लेचीपेची पडते. निरोगी ठिणगी निळी असून तिचा आवाज ऐकूं येतो. नवे पॉइंट चार दिवसांत जळले तर पुन्हां पॉइंट घेऊं नयेत, कंडेन्सर घ्यावा.

पावसाळ्यांत, विशेषतः मुंबईंत व कोंकणांत, सकाळीं न चालणारी गाडी दुपारीं आपोआप चालूं लागते. दमट हवेनें टोपीच्या आंत ओल धरते आणि वीज त्या ओलीवरून पळते. टोपी काढून कोरड्या फडक्यानें पुसावी. आंत केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती तड्याची किंवा जळलेल्या वाटेची रेघ होय, आणि पुसून ती जात नाहीं. टोपी बदलावी लागते. एक परीक्षा मोठी मौजेची आहे. रात्रीं अंगणांतील दिवा मालवून, बॉनेट उघडून, चालूं इंजिनाकडे दुरून पाहावें. ज्या तारेंतून वीज गळत असेल तिच्याभोंवतीं निळ्या काजव्यांसारखा प्रकाश लुकलुकतांना दिसतो. घरांतल्या मुलांना हा देखावा दाखविण्याजोगा आहे, फक्त त्यांचे हात मागें बांधलेले असावेत.

ठिणगी निर्दोष ठरली तर मिश्रणाकडे वळावें. चालत्या गाडींत अडखळणें सुरू असतां चोक किंचित ओढून पाहावा. गाडी सुधारली तर मिश्रण विरळ आहे, म्हणजे जेट तुंबला, गाळणी भरली किंवा पंप दुबळा झाला. बिघडली आणि काळा धूर आला तर पेट्रोल फाजील आहे. येथें एक नवी अडचण उभी राहिली आहे. भारतांतील पेट्रोलमध्यें मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचें प्रमाण 2025 सालीं 20 टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. इथेनॉलमध्यें स्वतःचा प्राणवायू असल्यामुळें निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानें बसविलेल्या जेटला मिश्रण विरळ होतें. शिवाय तें जुन्या जातीचें रबर मऊ करतें आणि हवेंतील पाणी ओढून घेतें. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीच्या तळाशीं हें पाणी बसतें आणि इंजिन सुरू होतांच कार्बोरेटरमध्यें येतें. अशा गाडीच्या रबरी नळ्या नव्या जातीच्या घालाव्यात आणि ती दर आठवड्यास थोडी तरी चालवावी.

राहिला दाब. जुने फिटर सायलेन्सरच्या तोंडाशीं कागदाची पट्टी धरून पाहतात. ती ठराविक अंतरानें आंत ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला असावा. पण मोजून पाहणें अधिक बरें. इंजिन गरम करून सर्व प्लग काढावेत, कॉइलची जोडणी सोडावी, पाय पुरता दाबून ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीं दाबमापक धरून इंजिन पांचसहा फेरे फिरवावें. येणाऱ्या आंकड्यापेक्षां चौघांतील फरक महत्त्वाचा. एकटाच बराच खालीं असेल तर त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें. आंकडा वाढला तर रिंगा झिजल्या. नाहीं वाढला तर व्हॉल्व्हचा दोष. शेजारशेजारचे दोन एकदम खालीं असतील तर त्यांच्यामधलें हेड गॅस्केट फुटलें. व्हॉल्व्हचा दोष निघाला तरी लगेच घाबरूं नये. टॅपेटची फट कमी झाल्यानेंही व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं, आणि ती नीट करणें तासाभराचें काम आहे. देशांतून शिशाचें पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून बंद झालें. शिशाचा थर ज्या मऊ सीटांचें रक्षण करीत असे, त्या पुढें लवकर झिजूं लागल्या आणि व्हॉल्व्ह त्यांत खोल बसूं लागले. अशा इंजिनांत टॅपेट वारंवार पाहावे लागतात.

'इंजिन खोलावें लागेल' हें वाक्य दाब मोजल्यावर, आणि आंकडे कागदावर लिहून दाखविल्यावरच ऐकून घ्यावें. पॉइंटांची फट बदलली असेल तर टायमिंग पुन्हां पाहिल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढूं नये, कारण फट वाढली कीं ठिणगी लवकर पडूं लागते आणि फट कमी झाली कीं उशिरां. एवढें झाल्यावर गाडी ज्या चढावर अडखळत होती त्याच चढावर, तितक्याच माणसांसह, एकदां नेऊन आणावी.